देवालयाच्या आवारातील उंच मंचाचा पाया : महाजन, कुळावी व भाविकांसाठी माहिती



पेडणे व डिचोली तालुक्यांतील देवस्थानांत जत्रा, काला, दशावतारी नाटक, भजनी सप्ताह, शिगमो अशा प्रसंगी देवालयाच्या आवारात मंचाची आवश्यकता असते. पूर्वी लाकडी खांब व फळ्या बांधून हा मंच उत्सवापुरता उभारला जात असे व उत्सव संपताच उतरवला जात असे. अलीकडील काळात अनेक ठिकाणी जमिनीपासून तीन-चार फूट उंचीचा, खांबांवर उभा असलेला कायमस्वरूपी मंच बांधण्याकडे कल आहे.

असे काम सभेपुढे येते तेव्हा चर्चा बहुधा फरशी, कमान, छप्पर व देणगीदारांच्या नामफलकाची होते. पायाविषयी फारसे कोणी विचारीत नाही. वास्तविक पाया खणल्यापासून तो मातीने बुजवला जाईपर्यंत जेमतेम पंधरा दिवस डोळ्यांसमोर असतो. त्यानंतर तो पुन्हा पाहता येत नाही, आणि त्यात राहिलेली उणीव दहा-पंधरा वर्षांनी तडे व खचण्याच्या रूपाने वर येते. त्या वेळी मंचावर मुले, वृद्ध व कलाकार असू शकतात. म्हणून या पंधरा दिवसांत समितीच्या सदस्यांनी काय पाहावे व काय विचारावे, हे समजावून देण्यासाठी हा लेख आहे. आराखडा व हिशेब हे पात्र अभियंत्याचेच काम आहे. लेखातील आकडे केवळ विषय समजण्यासाठी दिले आहेत.

१. उथळ पाया म्हणजे काय?

मंचाचा भार खांबांतून खाली येतो. खांबाचा आडवा छेद एक फूट बाय एक फूट एवढाच असतो. एवढ्या लहान जागेवर सारा भार टेकला तर जमीन दबते. म्हणून खांबाच्या तळाशी काँक्रीटची रुंद चौकोनी बैठक करतात. तिला बांधकामाच्या भाषेत फुटिंग म्हणतात. फुटिंग भार पसरून जमिनीला देते. बैठक जमिनीच्या पृष्ठभागापासून फार खोल नसल्यास तो उथळ पाया होय. भारतीय मानक १९०४ नुसार अशा पायाची खोली नैसर्गिक जमिनीखाली निदान ५० सें.मी. असावी. आपल्या भागात चांगली जमीन लागेपर्यंत बहुधा ९० सें.मी. ते १.५ मीटर खणावे लागते.

जुन्या देवालयांची रचना वेगळी असते. चिऱ्याच्या जाड भिंती व भरीव जोते यांमुळे त्यांचा भार लांब पट्ट्यावर सारखा पसरतो. नवा मंच मात्र मोजक्या खांबांवर उभा असतो व प्रत्येक खांबाखाली भार एकवटतो. त्यामुळे "देऊळ इतकी वर्षे उभे आहे, म्हणजे जमीन चांगली आहे" हा निष्कर्ष मंचाला लागू पडत नाही.

२. आपल्याकडील जमीन

पेडणे व डिचोलीत दहा मिनिटांच्या चालीवर जमिनीचा प्रकार पालटतो. ढोबळमानाने चार प्रकार आढळतात.

(अ) जांभा खडक, म्हणजे आपला चिरा. डिचोलीतील पठारे व पेडण्यातील मोपा, धारगळ यांसारख्या उंच भागांत तो विपुल आहे. या खडकाला 'लॅटेराइट' हे नाव फ्रान्सिस बुकॅनन यांनी १८०७ साली केरळमधील अंगाडिपुरम येथील दगडावरून दिले; विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून ते आले आहे. हरवळे व लामगाव येथील लेणी याच दगडात कोरलेली असून शेकडो वर्षे टिकली आहेत. वरचा कठीण थर उत्तम भार घेतो. परंतु जांभा सर्वत्र एकसारखा नसतो. कठीण थर काही ठिकाणी जाड, तर काही ठिकाणी हातभरच असतो, आणि त्याखाली पिवळसर, गुलाबी वा पांढुरकी मऊ चिकणमाती असते. पावसाचे पाणी खडकाच्या भेगांतून उतरून ही माती हळूहळू वाहून नेते व खाली पोकळी राहते. खड्ड्याच्या तळाशी पहारीने ठोकून पाहिल्यास भरीव खडकाचा आवाज खणखणीत येतो, पोकळ जागी तो बद्द येतो. ही साधी परीक्षा प्रत्येक खड्ड्यात करावी.

(आ) भरावाची जमीन. डिचोली तालुक्यातील शिरगाव, अडवलपाल, मये, पिळगाव या पट्ट्यात खाणींची माती पुष्कळ ठिकाणी टाकलेली आहे. शिवाय उतारावरील देवालयांचे आवार अनेकदा एका बाजूने डोंगर कापून व दुसऱ्या बाजूने माती भरून सपाट केलेले असते. वरून पाहता सारी जमीन एकच दिसते. अशा ठिकाणी मंचाचे काही खांब कापलेल्या खडकावर व काही भरावावर आले, तर पहिले जागचे हलत नाहीत आणि दुसरे दोन-तीन पावसाळ्यांत खाली जातात. सर्व खांब थोडेफार सारखे खचले तर इमारतीस त्याचा त्रास कमी होतो. एकच खांब खचला तर तुळई व स्लॅब फाटतात. भरावावर फुटिंग ठेवू नये, भराव ओलांडून मूळ जमिनीपर्यंत जावे. आवार केव्हा व कोणत्या बाजूने भरले होते, हे गावातील वडीलधारी माणसे सांगू शकतात. ही माहिती अभियंत्याला अवश्य द्यावी.

(इ) किनाऱ्यावरील वाळू. मोरजी, मांद्रे, हरमल, केरी या भागांत वाळूची जमीन आहे. कोरडी घट्ट वाळू भार चांगला घेते, पण खड्ड्याच्या बाजू ढासळतात व भूजल वर असते. हवेत क्षार असल्याने लोखंड लवकर गंजते.

(ई) खाजन व नदीकाठची जमीन. तेरेखोल व शापोरा या नद्यांच्या काठी, तसेच डिचोलीत मांडवीच्या बाजूस, भरतीच्या पाण्याशी संबंध असलेली मऊ चिखलमाती आहे. ती भाराखाली वर्षानुवर्षे दबत राहते. अशा जागी सुटी उथळ फुटिंग योग्य ठरत नाही. एकतर जागा बदलावी किंवा संपूर्ण मंचाखाली एकच काँक्रीटची बैठक, अथवा खोल पाया, यांचा विचार अभियंत्याकडून करून घ्यावा.

जागा ठरल्यावर समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत व मध्ये एक, असे निदान तीन चाचणीखड्डे दीड-दोन मीटर खोल घ्यावेत. शक्य असल्यास शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या अथवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून मातीची भारक्षमता तपासून घ्यावी. संपूर्ण कामाच्या मानाने हा खर्च अल्प आहे.

३. मंचावर भार किती येतो?

माणसे दाटीने उभी राहिली तर एका चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसे मावतात. सरासरी ७० किलो धरल्यास हा भार ५०० किलोच्या जवळ जातो. भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागातही, खुर्च्या पक्क्या बसविलेल्या नाहीत अशा जमावाच्या जागेसाठी चौरस मीटरला ५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ५०० किलो, एवढाच भार धरण्यास सांगितले आहे. घराच्या खोलीसाठी २०० किलो धरतात. म्हणजे घर बांधण्याच्या अनुभवावरून मंच बांधल्यास तो अडीच पट कमी भाराचा होण्याचा संभव असतो. घोडेमोडणीसारख्या नृत्यात अनेक पावले एकाच तालावर पडतात, तेव्हा परिणाम स्थिर वजनापेक्षा अधिक होतो. मंचाचा उपयोग कशाकशासाठी होणार आहे, हे म्हणूनच आरंभीच अभियंत्याला सांगावे.

उदाहरणार्थ, ९ मीटर लांब व ६ मीटर रुंद मंच घेऊ. दर ३ मीटरवर खांब ठेवल्यास एकूण १२ खांब येतात. मधल्या खांबाच्या वाट्याला ३ बाय ३, म्हणजे ९ चौरस मीटर मंच येतो. चौरस मीटरला माणसांचे ५०० किलो, १२५ मि.मी. जाडीच्या स्लॅबचे सुमारे ३१० किलो, तुळया व फरशीचे सुमारे २९० किलो, असे ११०० किलो झाले. नऊ चौरस मीटरचे ९९०० किलो, आणि खांब व फुटिंगचे स्वतःचे वजन मिळवून सुमारे ११ टन भार एका फुटिंगवर येतो. कडेच्या खांबावर याच्या निम्मा व कोपऱ्याच्या खांबावर पाव हिस्सा मंच येतो.

आता जमिनीप्रमाणे फुटिंगचा आकार कसा बदलतो ते पाहू :

– जमिनीची सुरक्षित भारक्षमता चौरस मीटरला २० टन असल्यास ०.५५ चौरस मीटर पुरते, म्हणजे बाजू सुमारे ७५ सें.मी.

– १० टन असल्यास १.१ चौरस मीटर लागते, म्हणजे बाजू सुमारे १.१ मीटर.

– ५ टनच असल्यास २.२ चौरस मीटर लागते, म्हणजे बाजू सुमारे दीड मीटर.

मंच एकच, भार एकच. पण जमीन बदलताच फुटिंगचे क्षेत्रफळ चौपट होते. शेजारच्या गावातील देवस्थानाचा आराखडा आणून तसाच वापरणे किती धोक्याचे आहे, हे यावरून लक्षात येईल.

४. लोखंड कशासाठी व कोठे?

काँक्रीट दाब उत्तम सोसते. ताण मात्र दाबाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकाच सोसते. फुटिंगच्या मध्यावर खांब खाली दाबतो आणि जमीन सर्व बाजूंनी वर ढकलते. त्यामुळे फुटिंगच्या कडा वर उचलल्या जाऊ पाहतात व तिचा तळ ताणला जातो. म्हणून सळयांची जाळी फुटिंगच्या तळाजवळ असते. उष्णतेने पोलाद व काँक्रीट जवळजवळ सारख्या प्रमाणात प्रसरण पावतात, म्हणूनच ही जोडी टिकते.

जाळी तळाजवळ असावी, पण तळाला टेकलेली नसावी. सळईभोवती चांगल्या काँक्रीटचे आवरण नसेल तर ओलावा पोचतो, सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि काँक्रीट आतून फुटते. भारतीय मानक ४५६ च्या सन २००० च्या आवृत्तीत फुटिंगसाठी हे आवरण किमान ५० मि.मी. सांगितले आहे. त्यासाठी जाळीखाली ५० मि.मी. जाडीचे काँक्रीटचे ठोकळे, म्हणजे कव्हर ब्लॉक, ठेवतात. ठोकळ्यांऐवजी चिऱ्याचा, विटेचा वा फरशीचा तुकडा ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. ती बंद करावी. चिरा पाणी शोषतो व ते थेट सळईपर्यंत नेतो.

वरील उदाहरणात १.१ मीटर बाजूच्या, ३० सें.मी. जाडीच्या फुटिंगमध्ये १० मि.मी. सळया दोन्ही दिशांना दर १५० मि.मी.वर ठेवल्या, तर प्रत्येक दिशेला ८ याप्रमाणे १६ सळया होतात. टोके वर वळवून प्रत्येकीची लांबी सुमारे १.३ मीटर धरली तर एका जाळीचे वजन १३ किलोच्या आसपास भरते. बाराही फुटिंग याच मापाच्या केल्या तरी एकूण लोखंड सुमारे १५५ किलो व काँक्रीट सुमारे ४.४ घनमीटर लागते. यात काटकसर करून देवस्थानाचे फारसे काही वाचत नाही.

सळईचे वजन तपासण्याची सोपी रीत अशी : सळईच्या मिलिमीटरमधील जाडीचा वर्ग करून त्याला १६२ ने भागावे. येणारा आकडा म्हणजे एका मीटरचे किलोमधील वजन. १० मि.मी. सळई मीटरला ०.६१७ किलो व १२ मि.मी. सळई ०.८८९ किलो भरली पाहिजे. आलेल्या मालातील एक मीटर तुकडा वजन करून पाहिल्यास सळई जाडीने पुरी आहे की नाही ते कळते.

खांबाच्या उभ्या सळया फुटिंगमधून निघतात. त्यांची खालची टोके काटकोनात वळवून जाळीवर टेकवून बांधलेली असावीत. नुसत्या उभ्या खोचलेल्या सळया चालत नाहीत. वर जोड द्यावा लागल्यास तो सळईच्या जाडीच्या सुमारे ५० पट, म्हणजे १२ मि.मी. सळईसाठी ६० सें.मी. असावा. उभ्या सळयांभोवतीच्या रिंगांची टोके १३५ अंशांत आत वळवावीत. भारतीय मानक १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत गोवा तिसऱ्या भूकंपविभागात दाखविलेला आहे. धक्क्यात काटकोनी वळणाची रिंग उघडते, आत वळवलेली उघडत नाही.

५. काँक्रीट, वाळू व पाणी

जमिनीत गाडलेल्या लोखंडी काँक्रीटसाठी वरील मानकानुसार निदान एम-२५ प्रतीचे काँक्रीट, घनमीटरला किमान ३०० किलो सिमेंट व सिमेंटच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक नाही एवढे पाणी असा दंडक आहे. किनाऱ्याच्या हवेत उघड्या राहणाऱ्या भागासाठी एम-३० लागते. एम-२५ म्हणजे १५ सें.मी. बाजूचा काँक्रीटचा घन २८ दिवसांनी सुमारे ५७ टन दाब सोसेल असे मिश्रण. त्याचे प्रमाण प्रयोगशाळेतून ठरवून घ्यावे लागते. अंदाजाने घमेली मोजून ते साधत नाही.

पाण्याविषयी विशेष दक्षता हवी. निम्मे पाणी म्हणजे ५० किलोच्या पोत्याला २५ लिटर, आणि त्यात ओल्या वाळूतील पाणीही मोजायचे. मिश्रण सहज पसरावे म्हणून कामगार पाणी वाढवतात. ते जास्तीचे पाणी नंतर सुकते व तेथे सूक्ष्म छिद्रे राहतात. पुढे त्याच वाटेने ओलावा सळईपर्यंत जातो.

मिश्रणाच्या पाण्याचा सामू ६ पेक्षा कमी नसावा. जांभ्या खडकातील विहिरींचे पाणी बहुधा किंचित आम्ल असते, म्हणून देवालयाच्या विहिरीचे पाणी वापरण्यापूर्वी तपासून घ्यावे. समुद्राची वा खाडीच्या मुखाजवळची वाळू क्षारयुक्त असते. ती लोखंडी काँक्रीटमध्ये वापरू नये. नदीची वाळू वैध मार्गाने मिळत नसल्यास दगड दळून केलेली, चाळलेली व धुतलेली वाळू चालते. वाळू घेताना परवान्याची पावती मागणे हे देवस्थानाच्या प्रतिष्ठेसही धरून आहे.

६. कामाचा क्रम

(१) आखणी : दोरी, ओळंबा व कर्ण मोजून खांबांच्या मध्यरेषा पक्क्या कराव्यात. ९ बाय ६ मीटरच्या आयताचे दोन्ही कर्ण १०.८२ मीटर भरले पाहिजेत.

(२) खोदाई : तळ सपाट असावा. अधिक खणले गेल्यास सुटी माती परत न भरता साधे काँक्रीट भरावे. तळाशी चिखल वा साचलेले पाणी असल्यास ते काढून पुन्हा घट्ट जमीन लागेपर्यंत जावे.

(३) पीसीसी : तळावर ७५ ते १०० मि.मी. जाडीचा साध्या काँक्रीटचा थर द्यावा. यामुळे सळया मातीला लागत नाहीत व मिश्रणातील पाणी जमिनीत मुरत नाही.

(४) जाळी व उभ्या सळया : ठोकळे, अंतर व संख्या तपासावी. या टप्प्यावर अभियंत्याने स्वतः येऊन पाहणी करावी व तशी लेखी नोंद करावी. नोंद झाल्याशिवाय काँक्रीट ओतण्यास परवानगी देऊ नये.

(५) काँक्रीट : एका फुटिंगचे काँक्रीट एकाच वेळी पूर्ण करावे. व्हायब्रेटरने हवा काढावी. पहिल्याच दिवशी निदान तीन घन भरून प्रयोगशाळेत द्यावेत.

(६) पाणी मारणे : साध्या सिमेंटसाठी निदान ७ दिवस व राखमिश्रित सिमेंटसाठी निदान १० दिवस काँक्रीट सतत ओले ठेवावे. गोणपाट झाकून पाणी मारणे उत्तम. कडक उन्हात हे दिवस वाढवावेत.

(७) भरणी : खांबाभोवती माती १५ सें.मी.च्या थरांनी, प्रत्येक थर ओला करून व धुमसून भरावी. एकाच वेळी ढकललेली माती पुढच्या पावसात खाली बसते व तेथे पाणी साचते.

(८) जोत्याच्या पातळीवरील तुळया : सर्व खांब जमिनीलगत दोन्ही दिशांना तुळयांनी बांधल्यास एखाद्या खांबाखालील जमीन थोडी मऊ निघाली तरी शेजारचे खांब त्याला आधार देतात. आपल्या बदलत्या जमिनीत या तुळया टाळू नयेत.

७. जुन्या देवालयालगत खोदताना

आपली अनेक देवालये जुनी आहेत. नार्वे येथील श्री सप्तकोटेश्वर देवालयाचा जीर्णोद्धार छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ साली केला, आणि शासनाने केलेल्या जतनकार्यानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये ते पुन्हा भाविकांसाठी खुले झाले. अशा वास्तूंचे पाये चिरा व चुन्याचे असून त्यांची खोली आपणांस ठाऊक नसते. नव्या खड्ड्याचा तळ जुन्या पायाच्या तळापेक्षा खोल जात असेल, तर जेवढा खोल जाईल त्याच्या दुप्पट तरी आडवे अंतर दोहोंत राखावे. जुन्या भिंतीलगत सर्व खड्डे एकदम उघडे न ठेवता एकाआड एक घ्यावेत. नवा मंच जुन्या वास्तूला जोडू नये. मध्ये मोकळा सांधा ठेवावा. दीपस्तंभ, तुळशीवृंदावन व मोठे वृक्ष यांच्याबाबतही हीच काळजी घ्यावी. वास्तू संरक्षित स्मारक असल्यास पुरातत्त्व खात्याच्या परवानगीवाचून खोदाई करू नये.

८. वरचा भाग लाकडी वा पोलादी असल्यास

काही देवस्थाने काँक्रीटच्या स्लॅबऐवजी लाकडी फळ्यांचा वा पोलादी चौकटीचा मंच पसंत करतात. तरीही खाली फुटिंग लागतेच. मात्र लाकडी वा लोखंडी खांब काँक्रीटमध्ये गाडू नये. जमिनीच्या पातळीवर ओलावा व हवा दोन्ही मिळतात आणि तेथेच लाकूड कुजते व लोखंड गंजते. फुटिंगवरील काँक्रीटचा खांब जमिनीच्या वर १५ ते २० सें.मी. आणून त्यावर पोलादी पट्टी व काँक्रीटमध्ये आधीच बसविलेल्या बोल्टांनी वरचा खांब बांधावा.

मंचावर पत्र्याचे छप्पर असल्यास वाऱ्याचाही विचार हवा. वजन खाली दाबते, तसा वारा छप्पर वर उचलतो. पणजीसाठी मानकात धरलेला मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर आहे. अशा वाऱ्यात ५४ चौरस मीटरच्या उघड्या छपरावर वर उचलणारे बल पाच टनांच्या घरात जाऊ शकते. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात गोव्यात पुष्कळ छपरे उडाली. छपराचे खांब स्लॅबच्या वरच्या थरात खिळवलेले नसावेत. ते मंचाच्या खांबांशी व त्यांच्यामार्फत फुटिंगशी बांधलेले असावेत. तेव्हाच फुटिंगचे वजन छपराला धरून ठेवते.

९. पावसाळा व उत्सवाची तारीख

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मि.मी. पाऊस पडतो व त्याचा बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत होतो. पायाची खोदाई पावसाळ्यानंतर, नोव्हेंबर-डिसेंबरपासून, हाती घेणे इष्ट. मे महिन्यात घाईने खणलेला खड्डा पहिल्या पावसात भरला तर तळाची माती मऊ होते व काम पुन्हा करावे लागते. मंचाभोवती पाणी बाहेर जाईल असा उतार व पक्के गटार असावे. छपराचे पाणी खांबांच्या मुळाशी पडू देऊ नये. जांभ्याखालील माती वाहून जाण्याचे मुख्य कारण हेच असते.

सर्वांत अवघड प्रश्न तारखेचा असतो. जत्रेची तिथी पुढे ढकलता येत नाही आणि काम मागे पडलेले असते. अशा वेळी स्लॅबखालील आधार लवकर काढणे, पाणी मारण्याचे दिवस कमी करणे, अशा सूचना पुढे येतात. मानकानुसार ४.५ मीटरपर्यंतच्या स्लॅबचे आधार निदान ७ दिवस व ६ मीटरपर्यंतच्या तुळयांचे आधार निदान १४ दिवस ठेवावयाचे असतात, आणि काँक्रीटला पूर्ण अपेक्षित बळ २८ दिवसांनी येते. काम पुरे होत नसेल तर त्या वर्षी उत्सव पूर्वीप्रमाणे तात्पुरत्या मंचावर करावा. त्यात कसलाही कमीपणा नाही.

१०. परवानग्या

ग्रामपंचायत क्षेत्रात गोवा पंचायत राज कायदा, १९९४ च्या कलम ६६ नुसार बांधकाम परवाना लागतो. पेडणे, डिचोली व साखळी येथे नगरपालिकेचा परवाना घ्यावा लागतो. किनारा, नदी व खाडीलगतची जागा सीआरझेडच्या हद्दीत येत असल्यास पक्क्या बांधकामावर निर्बंध आहेत, म्हणून खर्च करण्यापूर्वी चौकशी करावी. १९३३ च्या महाजनी नियमावलीखालील देवस्थानांनी अंदाजपत्रक महाजनांच्या सभेपुढे ठेवून मामलेदार कार्यालयाच्या संबंधित तरतुदी पूर्ण कराव्यात.

११. सदस्यांनी तपासावयाच्या बाबी

काँक्रीट ओतण्यापूर्वी समितीच्या किमान दोन सदस्यांनी जागेवर उभे राहून खालील गोष्टी पाहाव्यात व वहीत तारखेसह नोंदवाव्यात :

– अभियंत्याच्या सहीचा आराखडा जागेवर आहे काय?

– प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी मूळ घट्ट जमीन लागली आहे काय? पहारीने ठोकून पाहिले काय?

– काही खांब खडकावर व काही भरावावर तर येत नाहीत ना?

– जाळीखाली ५० मि.मी.चे काँक्रीटचे ठोकळे आहेत काय?

– सळयांची जाडी, अंतर व संख्या आराखड्याप्रमाणे आहे काय?

– उभ्या सळयांची टोके वळवून जाळीवर बांधली आहेत काय?

– पाणी मोजून घातले जात आहे काय? चाचणीचे घन भरले काय?

– प्रत्येक फुटिंगची, शेजारी मोजपट्टी ठेवून, छायाचित्रे घेतली काय?

ही वही व छायाचित्रे आराखड्यासह देवस्थानाच्या दप्तरात कायम ठेवावीत. पुढे मंच वाढवावयाचा झाल्यास वा तडा दिसल्यास मातीखाली काय आहे हे पुढील पिढीच्या समितीला त्यावरूनच कळेल. वरील प्रश्न विचारण्यासाठी अभियंता असण्याची आवश्यकता नाही. प्रामाणिक ठेकेदाराला असे प्रश्न आवडतात, कारण त्याचे चांगले काम त्यामुळे नोंदले जाते.

देणगीची प्रत्येक पावती भाविकांच्या विश्वासाने फाटते. पाया बुजण्यापूर्वी आपल्यापैकी कोणीतरी तो नीट पाहिला, एवढे आश्वासन त्या भाविकांना देता यावे. आपल्या देवस्थानात असे काम योजिले असल्यास सर्व संबंधितांनी वरील बाबी सभेपुढे ठेवाव्यात, ही नम्र विनंती.

कळावे.